बांधावरचे शिंग

"जमीन काही पळून जात नाही," ब्रिजित दारातून ओरडली. "काल होती तिथंच आहे."

"बघून येतो."

"काल काय बघितलंस मग?"

 वाटाण्याचे बी भिजत घालायचे राहिले होते, गोठ्याच्या भिंतीतली फट बुजवायची होती, आणि तरीही सिप्रियाँ तेरिओ लाकडी जोडे पायांत सरकवून उतारावरून खाली निघाला. बर्फ वितळून पंधरवडा झाला होता. वर्षाच्या या दिवसांत त्याला घरात बसवत नसे आणि मळ्यात उभे राहवत नसे. बांधावर जावे, तर तिथे पोहोचल्यावर परत फिरावेसे वाटे. त्याची बायको ब्रिजित म्हणे, की हा माणूस झोपेतही चालत असतो, फक्त अंथरूण त्याला जाऊ देत नाही.

बांधाच्या आत पाच घरांची जमीन होती. अधिक काटेकोरपणे बोलायचे, तर जमीन होऊ घातलेली होती. या उपसागरात भरती घराच्या आढ्याहून उंच चढते आणि ओसरताना क्षितिजापर्यंत तांबडा चिखल उघडा टाकून जाते. त्या चिखलाइतकी कसदार माती वरच्या जंगलात शोधून सापडणार नाही. पण ती समुद्राच्या मालकीची असते आणि त्याच्याकडून ती हिसकावून घ्यावी लागते. दोन वर्षांपूर्वीच्या शरदात पाचही घरांनी हेच केले होते. गवताच्या मुळ्यांनी विणलेल्या चिखलाच्या विटा कापून, दोघादोघांनी डोलीवर वाहून, त्यांनी बांध रचला. मधून वाहणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी, बांधाच्या पोटातून आरपार, पोखरलेला ओंडका बसवला आणि त्यात वरून एक लाकडी झडप टांगली. ही उघाडी. ओहोटीला आतले गोडे पाणी झडप ढकलून बाहेर पडे. भरतीला समुद्र स्वतःच्याच जोराने ती आपटून लावून घेई आणि बाहेर ताटकळत राही. मग काम माणसांचे नसे, पावसाचे आणि बर्फाचे असे. त्यांनी तीन हिवाळे मीठ धुवायचे आणि मग गहू पेरायचा. मध्ये एकदा जरी खारे पाणी आत शिरले, तर सगळी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

सिप्रियाँच्या वाट्याला चिठ्ठीने आलेला तुकडा सर्वांत खालचा, ओढ्यालगतचा होता. जुन्या वसाहतीत, पोर-रॉयालला, त्याच्या बापाची बांधाआतली जमीन थोरल्या भावांत वाटली गेली होती. धाकट्याच्या हाती बैलांची एक जोडी आणि पुष्कळसा उपदेश आला होता. बैल त्याने बरोबर आणले होते.

तो तुकड्यात उतरला, वाकला, मातीचे ढेकूळ उचलून त्याने जिभेला लावले आणि डोळे मिटले. गेल्या शरदात जीभ चुणचुणली होती. आता मातीला मातीचीच चव होती. पुढच्या वसंतात गहू. वस्तीचा म्होरक्या, म्हातारा आंब्रोआज म्हणत होता, ते खरे होते. हे कळल्यावर तरी स्वस्थ वाटावे, पण तो उलट लगेच उठून बांधावर चढला. इतक्या जवळ आलेल्या गोष्टीची त्याला सवय नव्हती.

उघाडीच्या वर एक खांब होता आणि खांबाला बैलाचे एक शिंग टांगलेले होते. वस्तीचा कायदा म्हणावा असा एवढाच. बांधाला खांड पडलेली, पाणी झिरपताना, पाणउंदराने बीळ केलेले, जे कुणाला दिसेल त्याने शिंग फुंकायचे. आणि शिंग ऐकू येईल त्याने हातातला घास टाकून, कुणाशी कितीही भांडण असले तरी, फावडे घेऊन धावायचे. कशासाठी बोलावले, हे धावताना विचारायचे नाही. आंब्रोआजच्या तरुणपणी पोर-रॉयालला एका टवाळाने गंमत म्हणून असे शिंग फुंकले होते. पुढच्या खेपेला ते खरे वाजले तेव्हा अर्धे लोक जेवण आटोपून आले, आणि तेवढ्या वेळात एक अख्खे कुरण समुद्रात गेले. म्हणून इथे आंब्रोआजने पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून क्रूसावर हात ठेवून वदवून घेतले होते: विनाकारण शिंग फुंकणाऱ्याचा तुकडा सामाईकात परत जाईल. पुन्हा चिठ्ठी नाही, तक्रार नाही.

सिप्रियाँनेही हात ठेवला होता. आपण तो नियम मोडू, असे त्याच्या स्वप्नातही आले नव्हते.

दुपारी तोमामामा आले.

ते ब्रिजितचे सख्खे मामा. तिची आई मिकमाव, या किनाऱ्याच्या मूळ लोकांतली होती. पोर-रॉयालच्या एका सुताराशी लग्न करून तिकडे गेली आणि तिथेच वारली. मामांचे कुटुंब हिवाळाभर आत रानात शिकारीवर असे आणि वसंतात किनाऱ्याकडे येई. ओढा जिथून निघतो त्या जंगलातल्या तळ्याकाठी त्यांचा मुक्काम ठरलेला असे, कारण याच दिवसांत गास्पेरो नावाचा चंदेरी मासा समुद्रातून ओढ्यात शिरतो आणि अंडी घालायला तळ्यापर्यंत चढतो. तो पकडायचा, धुरावर सुकवायचा आणि त्यावर पुढचे कितीतरी महिने काढायचे. ही पाच घरे इथे नवी आली तेव्हा त्यांचाही पहिला हिवाळा मामांच्या त्याच माशावर निघाला होता. गेल्या वसंतात मात्र मामा आले नव्हते. रानात ताप आला होता, आणि तो काय काय घेऊन गेला हे आज होडीतून उतरणाऱ्यांकडे पाहूनच कळत होते: मामा, त्यांची मुलगी आणि दोन विधवा सुना.

ब्रिजितने सुनांना मिठी मारली आणि बराच वेळ सोडले नाही. मग सगळे आत बसले. तिने कोबीचे कढण आणि राय नावाच्या भरड धान्याची भाकरी वाढली. मामांनी भाकरी चावून पाहिली.

"अजून दगडच भाजतेस," ते म्हणाले.

"पुढच्या वर्षी गव्हाची देईन, मामा."

"गहू दाताला चिकटतो." मामांनी कढण संपवले, हात पुसले आणि मग सिप्रियाँकडे वळून, जणू हवापाण्याची चौकशी करावी तसे विचारले, "जावईबापू, ओढ्याचं तोंड कुणी शिवलं?"

सिप्रियाँने समजावायला सुरुवात केली. उघाडी काय, झडप काय, मीठ कसे धुतले जाते. बोलता बोलता त्याचे त्यालाच जाणवले, की तो समुद्राविषयी, पावसाविषयी, मातीविषयी बोलतो आहे आणि विचारले आहे माशाविषयी. तो थांबला.

"मासा भरतीबरोबर येतो," मामा म्हणाले.

"हो."

"आणि भरतीला तुझं दार बंद."

"हो."

"मग गेल्या वर्षी आला तो गेला कुठं?"

गेल्या वर्षी तो उघाडीबाहेर थव्यांनी अडून राहिला होता. ओढ्याचे तोंड खदखदत होते. पाचही घरांनी टोपल्यांनी उपसून पिंपे भरली होती, आणि आंब्रोआजने बांधावर गुडघे टेकून देवाचे आभार मानले होते, की घरबसल्या एवढे दान दारात आणून टाकलेस. मासा तिथे का उभा आहे, हे पाचांपैकी एकालाही विचारावेसे वाटले नव्हते. भरतीचे पाणी किती चढेल हे बोटावर सांगणारी ही माणसे. पण पाण्यातून काय येते, याचा हिशेब त्यांच्या कुळात कुणी ठेवलाच नव्हता.

"आम्ही खाल्ला," सिप्रियाँ म्हणाला.

लहान सून हसली. पण ते हसू बरे नव्हते.

"शरदात आम्ही इथं नसतो, हे तुला ठाऊक होतं," मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "नाहीतर विचारलं असतंस."

"विचारलं असतं."

"असतं," मामांनी मान डोलावली. "चांगला शब्द आहे. पोट भरत नाही, पण चांगला आहे."

त्या दिवसापासून अमावास्येच्या उधाणापर्यंत सिप्रियाँ एका जागी ठरला नाही. मासा उधाणाबरोबर येणार, हे मामांनी सांगितले होते. चार-पाच दिवसांच्या भरत्या, मग संपले. मासा चढतो असा दुसरा ओढा दूर होता, तिथे दुसऱ्या कुटुंबांचा वहिवाटीचा मुक्काम होता आणि चार माणसांनी तिथे जाऊन हात पसरावे, हे मामांना मरणाहून कठीण होते. सिप्रियाँने एकदा पहार घेऊन उघाडीपर्यंत मजल मारली. झडपेला टेकू दिला, की काम झाले. मासा आत, आणि त्याच्या मागोमाग समुद्रही आत. तो गुडघाभर चिखलात तसाच उभा राहिला. त्याचा स्वतःचा तुकडा बुडाला असता तर एक वेळ ठीक. पण शेजारच्या बार्नाबेचा, आंब्रोआजचा, आणखी दोन घरांचा बुडवायचा अधिकार त्याला कुणी दिला होता? तो पहार खांद्यावर टाकून परत आला. ब्रिजितने पहारीकडे पाहिले, त्याच्या गुडघ्यांकडे पाहिले आणि पाय धुवायला पाणी ठेवले.

रविवारी, पाद्री नसल्यामुळे आंब्रोआजच्याच घरी त्याच्याच घोगऱ्या आवाजात प्रार्थना झाली. ती संपताच सिप्रियाँने विषय काढला. झडप उघडायला नको. मासा बाहेर अडेल तेव्हा तो बादल्यांनी, टोपल्यांनी उचलायचा, बांधावरून पलीकडे न्यायचा आणि आतल्या गोड्या पाण्यात सोडायचा. पुढे तो आपली वाट आपण चढेल. फक्त हात हवेत. मामांकडे चार जण आहेत. आपण पाचही घरे लागलो तर होण्यासारखे आहे.

"आणि पेरणी कोण करेल?" आंब्रोआजचा जावई बार्नाबे म्हणाला. "मासे?"

सगळे हसले. बार्नाबेची बायको ओझितही हसली, पण तिने मान खाली घातली.

"चार दिवस, काका," सिप्रियाँ आंब्रोआजला म्हणाला. "तेही भरती भरेल तेवढाच वेळ."

आंब्रोआज विचारी माणूस होता, आणि म्हणूनच त्याच्याशी वाद घालणे अवघड होते. "मी तोमाचं मीठ खाल्लंय," तो म्हणाला. "त्याचं नुकसान झालंय, ते आपण केलंय, हे मी नाकारत नाही. आपण त्याला वाटाणे देऊ, डुकराची चरबी देऊ. पण आज माशासाठी कामावरून माणसं उठवली, उद्या कुणी हरणासाठी उठवील. माणसं फक्त बांधासाठी उठतात. ते एक ठरलेलं आहे म्हणून आपण इथं टिकलोय."

"तुमचे वाटाणे त्यांनी मागितलेत का?"

"मागितले नाहीत, पण देऊ."

"शिंग फुंक की लेका," बार्नाबेने त्याच्या पाठीवर थाप मारली. "शिंगाला आम्ही बांधील आहोत. माशाला नाही."

पुन्हा हशा झाला. सिप्रियाँ हसला नाही. घरी परतताना तो इतका भराभर चालला, की ब्रिजित मागे पडली.

"काय शिजतंय तुझ्या डोक्यात?" तिने विचारले.

"काही नाही."

"तुझं काही नाही मला ठाऊक आहे. पोर-रॉयाल सोडायच्या आदल्या दिवशीही काही नव्हतं."

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, ऐन दुपारी, पाणी बांधाच्या खांद्यापर्यंत आले. सिप्रियाँ सकाळपासून तिथेच होता. मामा आणि तिघी बाया सालीच्या टोपल्या घेऊन उतारावर बसल्या होत्या. आधी पाण्याचा रंग बदलला. मग उघाडीसमोर ते थरथरू लागले, आणि बघता बघता चांदीची चाळण हलावी तसा सगळा कोपरा पाठींनी भरून गेला. आलेले मासे बंद झडपेवर आपटत, वळत, मागून येणाऱ्यांवर आदळत. मामा कमरेभर पाण्यात उतरले. पहिली टोपली वर आली, मुलीने ती बांधापलीकडे रिती केली. दुसरी. तिसरी. सिप्रियाँही उतरला. सून घसरली, टोपली सांडली, निम्मे मासे चिखलात तडफडत राहिले. पाच जणांचे दहा हात आणि समोर ते अगणित. ओहोटी लागली, की हे सगळे पाण्याबरोबर मागे जाणार.

 मामा टोपल्या भरत राहिले; म्हातारपणी माणूस जसे संपणार नाही हे माहीत असलेले काम करतो, तसे.

सिप्रियाँने हिशेब केला, आणि तो त्याला अगदी सरळ वाटला. झडप उघडली तर पाच घरे बुडतात. शिंग फुंकले तर एकच बुडते. तो पाण्यातून वर आला, खांबापाशी गेला, शिंग काढले आणि फुंकले.

आवाज कुरणावरून वर गेला. वरच्या उतारावर बार्नाबेने हातातला नांगर तिथेच सोडला. ओझित पिठाच्या हातांनी बाहेर आली. आंब्रोआज वयाला न शोभेलसा धावत निघाला. फावडी, डोल्या, बादल्या, कुणाच्या तोंडात अजून घास. कुणी काही विचारले नाही. आपल्या एका फुंकरीवर एवढी माणसे इतक्या विश्वासाने धावत येताना सिप्रियाँने पहिल्यांदाच पाहिली. आजवर तो त्यांच्यातलाच एक असे. 

"कुठंय?" बार्नाबे धापा टाकत ओरडला. "खांड कुठंय?"

"खांड नाही."

"बीळ?"

"बीळ नाही. मासे आहेत."

 बार्नाबेचा चेहरा लालबुंद झाला. "मी थट्टा केली होती, गाढवा! थट्टा!"

"मला ठाऊक आहे."

"शपथ घेतली होतीस," आंब्रोआज म्हणाला. त्याला अजून धाप लागलेली होती.

"घेतली होती. काय व्हायचं ते संध्याकाळी होऊ द्या, काका. आता पाणी उतरायला लागेल."

कोण आधी उतरले, याविषयी पुढे त्या वस्तीत बराच वाद झाला. ओझित म्हणे मी. बार्नाबे म्हणे, ती उतरली म्हणून मला उतरावे लागले, नाहीतर बुडाली असती. खरे म्हणजे ती पाण्यात शिरली, पिठाचे हात धुतले आणि बादली भरली. मग फळ्यांच्या डोल्यांवर ओले गवत अंथरून त्यावर मासे ओतले गेले, चिखलाच्या विटा वाहण्याची ज्यांना सवय होती ती माणसे त्याच चालीने, त्याच हुंकारांनी बांध चढू-उतरू लागली, आणि हातांना ओळखीचे काम मिळाल्यावर डोक्यातला राग हळूहळू विसरला गेला. बार्नाबेच्या सदऱ्यात एक मासा शिरला आणि तो ओरडत गोल फिरला, तेव्हा तर मामांची लहान सून, जी आल्यापासून धड हसली नव्हती, ती बांधावर बसून पोट धरून हसली. ब्रिजितही आली होती.  तिने सिप्रियाँकडे एकदा पाहिले; त्या पाहण्यात आभार नव्हते.

ओहोटी लागली तेव्हा आतल्या ओढ्यात पाणी काळेभोर दिसत होते, इतक्या पाठी एकमेकींना चिकटून वर निघाल्या होत्या.

सूर्य मावळण्याआधी सगळे आंब्रोआजच्या अंगणात जमले. कुणी खुर्ची घेतली नाही. ओल्या कपड्यांना माशांचा वास येत होता. आंब्रोआजने घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, "सिप्रियाँ, तुला उघाडीपाशी पाणउंदराचं बीळ दिसल्यासारखं वाटलं. हो ना?"

सिप्रियाँने वर पाहिले. म्हातारा त्याच्याकडे टक लावून पाहत होता.

"अंधूक काही दिसलं असेल," आंब्रोआज पुढे म्हणाला. "जवळून पाहिल्यावर ते नाही, असं लक्षात आलं. चूक कुणाचीही होते. चुकीला शिक्षा नाही."

"हो म्हण," बार्नाबे दातांत पुटपुटला. "हो म्हण आणि घरी जा, बाबा."

हो म्हणणे अतिशय सोपे होते. पुढच्या वसंतात गहू; जिभेवर ती बिनमिठाची माती त्याला आत्ताही आठवत होती. त्याने तोंड उघडले, आणि त्याला दिसली ती दुपारी उतारावरून धावत आलेली माणसे, घास तोंडात असलेली. त्याचा दुपारचा हिशेब चुकला होता. शिंग फुंकल्याने एकच घर बुडते असे त्याला वाटले होते. पण शिंग त्याचे एकट्याचे नव्हतेच. त्याने पाचही घरांच्या मालकीची गोष्ट खर्च केली होती.

"नाही, काका," तो म्हणाला. "बीळ नव्हतं. आणि मला ते नाही हे ठाऊक होतं."

"नीट विचार करून बोल."

"पुढच्या वेळी हे शिंग वाजेल तेव्हा प्रत्येक जण क्षणभर थांबेल. खांड असेल की मासे असतील? तेवढा क्षण पुरतो पाण्याला. तुम्हीच सांगता ना."

"म्हणूनच तर सांगतोय," आंब्रोआज पहिल्यांदाच चिडला. "बीळ वाटलं होतं असं सगळ्यांनी धरलं, तर शिंगही वाचतं आणि तूही वाचतोस."

"पाच घरांनी मासे वाहिलेत, काका. हसत हसत वाहिलेत. हे खोटं कुणापासून लपवायचं? इथं दुसरं आहे कोण?"

 आंब्रोआजने दाढी खाजवली. मग त्याने टोपी काढली, जशी तो मयताच्या वेळी काढी, आणि सांगितले, की ओढ्यालगतचा तुकडा आजपासून सामाईकात गेला. सिप्रियाँ तेरिओचा त्यावर हक्क नाही. वर घर आहे ते आणि मळा आहे तो त्याचाच राहील. "शिंग परत खांबाला लाव," एवढे तो शेवटी म्हणाला. "आणि यापुढे वाजलं, तर तू यायलाच हवं असं नाही. तुझं आता त्यात काही नाही."

"येईन."

"ते तुझं तू बघ."

बार्नाबे कोपऱ्यापर्यंत त्याच्याबरोबर आला आणि काहीतरी बोलावे म्हणून म्हणाला, "माझ्या सदऱ्यात अजून खवले आहेत." मग वळून निघून गेला.

ब्रिजित चुलीपाशी उभी होती. तिला सगळे आधीच कळले होते. वस्तीत बातमी माणसाआधी पोहोचते.

"मला विचारलंस?" तिने विचारले.

"वेळ कुठं होता. तुझ्याच मामांसाठी..."

"माझ्या मामांचं नाव घेऊ नकोस. मी मामांशी बोलले होते, ते आले त्याच रात्री. म्हटलं, तळं गेलं तर गेलं, पुढल्या वर्षीपासून माझ्या हिश्शाच्या गव्हातला तिसरा भाग तुमचा, दरवर्षी. ते नको म्हणाले, तीन वेळा नको म्हणाले, आणि शेवटी बरं म्हणाले. तू तो गहूही देऊन बसलास." तिने हातातली पळी आपटली. "शरदात ओढा बांधला, तेव्हा त्यांना विचारलं नाहीस. आज तुकडा सोडलास, तेव्हा मला विचारलं नाहीस. तुला नुसती धाव माहीत आहे, सिप्रियाँ. कुणाकडे तरी थांबून बघशील की नाही?"

तो बसला. सकाळपासून पहिल्यांदा बसला होता. थोड्या वेळाने पुन्हा उठला, कारण बसून काही होईना.

पुढचे तीन दिवस शिंग वाजले नाही. तरी भरतीच्या वेळी ओझित बादली घेऊन आली, एकदा तिच्याबरोबर बार्नाबे आला, एकदा आंब्रोआज स्वतः आला. डोलीचे एक टोक धरले, कुणाकडे न पाहता दोन खेपा केल्या आणि पेरणीला निघून गेला. मासा चढून गेला. तळ्याकाठी धूर दिसू लागला.

चौथ्या दिवशी मामा आले आणि दारातच म्हणाले, "चल जावईबापू. टेकडीपलीकडे चिखल आहे. बघ तुला घाण पुरेशी वाटते का."

वाटेत त्यांनी दोन ओढे दाखवले. पहिल्याशी ते थांबले. "हा नको. यात ईल मासे असतात. माझ्या दुसऱ्या बहिणीच्या नातवांचा आहे." दुसऱ्याशी बराच वेळ उभे राहिले, वर रानाकडे पाहिले. "याला वर खडक आहे. मासा चढत नाही. इथं डासांशिवाय कुणी येत नाही, आणि डासांना मी ओळखत नाही. त्यांना तूच विचार."

सिप्रियाँने चिखलावर नजर फिरवली. तुकडा लहान होता, अर्धाही नाही, आणि बांध घालायला हात फक्त दोघांचे. पुन्हा तीन वर्षे, कदाचित चार. तरी त्याच्या डोळ्यांनी आपोआप रेषा ओढायला सुरुवात केली: बांध इथून, त्या वळणाने, उघाडी तिथे. त्याने रेघ आखायला आणलेला काखेतला खुंट काढला आणि ओढ्याच्या वळणाशी रोवला. वळून पाहतो, तर ब्रिजित उतारावरून खाली येत होती. घागरा गुडघ्यांपर्यंत खोचलेला, जोडे हातात, काखेत दुसरा खुंट. ती त्याच्या खुंटाजवळून न थांबता पुढे गेली, चिखलात रुतत, पाय उपसत, आणि बऱ्याच अंतरावर उंचवट्याशी पोहोचून तिने आपला खुंट दगडाने ठोकला.

"तिथं नाही," सिप्रियाँ ओरडला. "तिथून घातला तर अर्धी जमीन बाहेर राहते!"

"राहू दे!"

"अगं, पण का?"

"इथं आलास तर सांगेन!"

मामा एका ओंडक्यावर बसले आणि पाइप भरू लागले. सिप्रियाँ थोडा वेळ आपल्या खुंटाकडे पाहत राहिला. मग त्याने तो दोन्ही हातांनी हलवून उपटला आणि तिच्या दिशेने चालू लागला. चिखल प्रत्येक पावलाला जोडा ओढून घेत होता, त्यामुळे घाई करायची सोय नव्हती.